पांढरीचे टेकू

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बायको म्हणते, आता तरी ठाणं डोक्यातून काढा. काढलंय. पण फाल्गुनात कुठे लाकडं रचलेली दिसली की एक गाव डोळ्यांपुढे येतंच, आणि त्याला माझ्याकडे इलाज नाही.

गावाचं नाव घेणार नाही, माणसांचीही नाही. टेंभुर्णीपासून फार लांब नव्हतं, एवढं पुरे. जालना जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. मी फौजदार होतो. ठाण्याला जीप एकच, आणि तीही चार शिपायांनी ढकलल्याशिवाय चालू होत नसे.

त्या भागात त्या काळी घरं माळवदाची होती. लाकडाच्या तुळया, वर काड्या-फांद्या आणि त्यावर पांढरीचा जाड थर. पांढरी म्हणजे जुनी वस्ती मोडून झालेल्या टेकाडाची माती. ती पावसाचं पाणी खाली उतरू देत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी टाकावीच लागे. होळी झाली की बायका टोपली-कुदळ घेऊन टेकाडाकडे निघत. वरची माती पिढ्यान् पिढ्या नेऊन संपलेली. चांगली चिकट माती आत राहिली, म्हणून लोकांनी टेकाडाच्या पोटात भुयार पाडलं होतं. बरं, टेकाड काही रिकामं नव्हतं. वरून गाडीवाट जात होती आणि कडेला तीन-चार घरं होती. खालून माती गेली की वरची जमीन बसणारच. एका घराची भिंत तडकली, गाडीवाट एका जागी खचली, आणि तहसीलदारांनी खोदाई बंद केली.

बंद केली, पण पावसाळा कुठे बंद होतो? गाव तहसीलवर गेलं. तेव्हा एक माणूस पुढे आला. त्याला सगळे खाणकाका म्हणत. उभी हयात चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली काढलेली. पायावर दगड पडून एक पाय अधू झाला, तसा गावी परतला होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याने तहसीलदारांना सांगितलं, खाणीत जसं करतात तसं करू. मध्ये मातीचे खांब सोडू, बाभळीचे टेकू देऊ, आणि जेवढी पांढरी काढली तेवढा मुरूम भरत जाऊ, म्हणजे वरची जमीन हलणार नाही. तहसीलदारांना पटलं. परवानगी मिळाली, अटी घातल्या, आणि देखरेखीसाठी जबाबदार इसम म्हणून खाणकाकाचा अंगठा घेतला.

काकाने आपली एक वेगळी खूण लावली होती. भुयाराच्या तोंडाला बोरीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी लावलेली असली, म्हणजे आत जायचं नाही. रोज सकाळी तो स्वतः आत जाई, काठीने छत ठोकून बघे, टेकू हलवून बघे, आणि मगच काटी बाजूला करे. काटी नाही, म्हणजे आत जायला हरकत नाही. ही खूण गावातल्या पोराटोरांनाही माहीत होती, आणि सगळे ती बिनबोभाट पाळत.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलाचा निरोप आला, भुयार बसलं, एक बाई आत आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा गावचे गडी माती उपसत होते. सगळ्यांत पुढे खाणकाका, अधू पाय मागे टाकून, दोन्ही हातांनी. बाई बाहेर काढली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांची असेल. तिची लेक नुकती चालायला लागलेली, आजीच्या कडेवर होती, आणि गर्दी बघून खुशीत टाळ्या वाजवत होती. माझे जमादार उघडउघड रडले. मलाही रडू आलं, पण पंचनामा लिहायचा होता.

मी माती पूर्ण उपसून घेतली. आत आणखी कुणी अडकलं नाही याची खात्री करायची होती. नंतर जागा बघितली. आतले चार टेकू जागच्या जागी घट्ट उभे होते. तोंडाजवळचा भाग तेवढा बसला होता.

दुपारी बाईचा बाप आणि भाऊ आले. ते काय बोलले ते लिहीत नाही, त्यांचा हक्क होता. खाणकाकाने भुयार पाडलं, त्यानेच आमची पोरगी खाल्ली, फिर्याद घ्या, एवढंच ते म्हणत राहिले. नवरा पंचवीसेक वर्षांचा गडी, हाडापेराने दणकट, गावात सगळ्यांत उंच होळी रचणारा म्हणून ओळखला जाणारा. तो भिंतीला टेकून बसला होता. मेव्हण्याने दंड धरून उठवलं, तसा उठला. सांगितलं तिथे सही केली. कलम ३०४-अ, हयगयीने मृत्यूस कारणीभूत. मी खाणकाकाला ताब्यात घेतलं.

आरोपीला मी सहसा अहो-जाहो करत नसे. यांना केलं.

"काका, झालं काय?"

"टेकू म्या लावले. म्या कमी लावले. लिहा."

"तोंडाशी किती होते?"

"दोन."

"मग ते कुठं गेले?"

"मोडले असतील मातीत."

"मातीत नव्हते. पूर्ण माती माझ्यासमोर उपसली. लाकूड मोडलं असतं तर मोडकं लाकूड सापडलं असतं. एक ढलपीसुद्धा निघाली नाही."

काका म्हणाले, "वाळवी लागली असंल."

"बाभळीच्या गाभ्याला? महिनाभरात? अन् तीही दोनच टेकूंना? आतल्या चारांना नाही?"

"साहेब, तुम्ही लिहून घ्या ना. मी कबूल हाय म्हणून राह्यलो, आन तुम्हीच मला वकिलावानी सोडवून राह्यले."

आता, इतक्या वर्षांत मी गुन्हा नाकारणारे हजार बघितले. त्यांच्याशी कसं बोलायचं ते आम्हाला येतं. पण गुन्हा ओढून अंगावर घेणाऱ्याचं काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मला राग आला. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. काका माझ्याकडे बघत राहिले, जसं एखादा म्हातारा बैल हाकणाऱ्याकडे बघतो. गुन्हा जामिनाचा होता. जामीन राहायला पोलीस पाटील तयार होता. काका म्हणाले, मला जामीन नको. शेवटी कोर्टापुढे उभं केलं, आणि कोर्टाने त्यांना ठाण्याशेजारच्याच तहसीलच्या जेलमध्ये ठेवलं.

मी पुन्हा गावात गेलो. जबाब घेतले, नवीन काही कळेना. निघताना होळीच्या मैदानालगतच्या घरातून एका बाईने हाक मारली. पिंजाऱ्याच्या घरातली वयस्कर बाई. डोक्यावरचा पदर सारखा करत ती दारातूनच बोलली.

"साहेब, एक बात सांगू का? होळी दरसाल आमच्या दारापुढंच जळती. पळाट्या, तुराट्या, गोवऱ्या. भडकती अन् जल्दी इझती. औंदा बिलकुल इझली न्हाई. धुळवडीला मी त्या निखाऱ्यावर पानी तापवलं, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, तरी लकडी लालच. येवढी पक्की लकडी गावात कोन देतंय?"

मी हवालदाराला घेऊन राखेपाशी गेलो. काठीने उकरलं. तळाशी एक जळकं थोटूक निघालं, आणि त्याच्या टोकाला खाच होती. वरची फळी बसावी म्हणून करतात तशी, सफाईने पाडलेली. भुयारातल्या उभ्या टेकूंनाही अगदी तशीच खाच होती. थोटूक पंचांसमक्ष जप्त केलं.

होळीची एक रीत सांगितली पाहिजे. लाकूड मागून आणायचं नसतं. चोरून आणायचं असतं. कुणाचं मोडकं फाटक, कुणाच्या गाडीचं जू, कुंपणाची काटी. ज्याचं जातं तो सकाळी दोन शिव्या देतो आणि संध्याकाळी त्याच होळीला नारळ वाहतो. आमच्या ठाण्याच्या कुंपणाचा खांबही एका वर्षी गेला होता. मी तपास केला नाही. होळीची चोरी ही चोरी नव्हे, असं सगळा मुलूख मानतो, मीही मानत होतो.

तर काटीही होळीत गेली होती आणि टेकूही. धुळवडीला खोदाई बंद, म्हणून काका त्या दिवशी भुयाराकडे फिरकलेच नव्हते. बाईने सकाळी येऊन बघितलं, काटी नाही. काकांनी बघून काढली असेल, असं समजून ती आत गेली.

प्रश्न एवढाच, नेलं कुणी. पोरांना एकेक करून बोलावलं. "आम्ही गेल्तो साहेब, पण पांढरीकडं न्हाई." "आम्ही नदीकडल्या गुरांच्या वाडग्यावर गेल्तो." सगळ्यांचं तोंड एकच. हवालदार म्हणाला, "साहेब, आपलेच दात, आपलेच ओठ. गाव बोलायचं न्हाई." मीही तसंच समजून परत आलो.

ठाण्यात शिरताना पायरीशी मयताचा नवरा बसलेला दिसला. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मला बघून उठला, नमस्कार केला आणि मागे सरकला. मला वाटलं, केसचं विचारायला आला असेल. आत गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, हा रोज येतो. भाकरी देतो अन् म्हणतो, जेलमधी काकाला पोचवा. माझं नाव सांगू नका."

मी खुर्चीत बसलो होतो, तो उठलो.

फिर्यादी आरोपीच्या नावाने बोटं मोडतो. आरोपीला फाशी द्या म्हणतो. पैसे घेऊन तडजोडही करतो, तेही बघितलंय. पण फिर्यादी आरोपीला घरची भाकरी आणतो, हे मी अख्ख्या नोकरीत त्या एकदाच बघितलं. ज्या माणसाने आपली बायको मारली असं आपण लिहून दिलंय, त्याच्या पोटाची काळजी कुणाला असेल? ज्याला माहीत आहे की त्याने मारलेली नाही, त्याला.

त्याला आत घेतलं. हवालदाराला दार ओढून घ्यायला सांगितलं. थोटूक टेबलावर ठेवलं. काही विचारावं लागलंच नाही. तो खाली बसला आणि त्याने ते थोटूक हातात घेतलं, जसं आजारी लेकराला घेतात.

"म्याच साहेब. पोरं संगं होते, पण टेकू म्याच हलवून काढले. दोनच घेतले. म्हणलं, आत चार हायेत की. कामाआधी काका बघंल अन् शिव्या देऊन दुसरे लावंल. काटी बी म्याच वढली. होळी मस्त झाली. ती बी बघायला आल्ती, पोरीला घेऊन. म्हणली, औंदा लई उंच झाली."

मी पाणी दिलं.

"माळवद गळतंय म्हणून मीच तिच्या मागं लागल्तो. म्हणलं, धुळवड झाली की पयली टोपली आपली आण. ती काकाची वाट बघत बसली न्हाई. काटी न्हाई म्हणून गेली. साहेब, तिनं बराबरच केलं. काटी न्हाई म्हणजे जायचं, आसंच ठरलंय ना गावात?"

"मग फिर्याद का दिली?"

"मला काय चाल्लंय ते उमगंना. सासरा म्हणला सही कर, केली. नंतर सांगाया तोंड उघडंना. रोज ठरवून येतो, आज सांगंल, आज सांगंल. अन् भाकरी देऊन जातो."

मग तो जे बोलला ते मी कुठल्या जबाबात लिहिलं नाही. आज लिहितो.

"आज सकाळी पोरगी मायकडं ठिवली अन् हिरीवर गेल्तो. काठावर बसलो. मंग आठवलं, काकाची भाकरी राह्यली. म्हणलं, आधी ती देऊ."

हवालदार तोंड फिरवून उभा राहिला. मी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. गणवेशात असं करू नये म्हणतात. म्हणू देत.

त्याला घेऊन मी जेलमध्ये गेलो. काकांनी त्याला बघितलं, मला बघितलं आणि सगळं ओळखलं. पहिल्यांदा ते चिडले, आणि चिडले ते त्याच्यावर.

"बोललास का? तुला कोण म्हणलं बोल म्हणून?"

"काका, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माती उपसतानाच कळलं. टेकूच्या जागा मोकळ्या व्हत्या. गावात होळी कोन रचतं ते कोनाला माहीत न्हाई?" ते गजांना धरून उभे राहिले. "साहेब, पोरीची माय गेली. आता बाप बी नेता का? मला काय, आत काय अन् भाईर काय. माझा उभा जल्म अंधारातच गेला. ह्याला कळलं की गावाला कळलंय, तर हा जीव देईल. दर सुट्टीला गावी यायचो, म्या ह्याला लहानाचा मोठा बघितलाय."

मी त्यांनाही रागावलो. म्हटलं, दुसऱ्याचा गुन्हा उसना घेता येत नाही, कायद्यात तशी सोय नाही. आणि तुम्ही आत बसलात म्हणून हा वाचणार होता? हा तर आज विहिरीवर जाऊन आला. काकांनी गजातून हात घालून त्याची गचांडी धरली. मला वाटलं, मारतात. पण धरलेलं सोडलंच नाही, नुसते धरून उभे राहिले. दोघेही रडत होते. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमवलं. माझा विचार होता, जबाब ठाण्यातच घ्यावा. नवराच म्हणाला, न्हाई, सासऱ्यापुढं सांगतो. मी चार शिपाई जास्तीचे नेले होते. त्याने उभं राहून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मेव्हणा धावून आला, शिपायांनी धरला. सासरा मात्र बसूनच होता. पिंजारीण बाई दुरून पदर तोंडाला लावून बघत होती. शेवटी सासरा लेकाला म्हणाला, "बस खाली. तू न्हाई आणत का चोरून? माझ्या बापानं आणलं, म्या आणलं. औंदा माझी लेक गेली, एवढंच." आणि तो म्हातारा मोठ्याने रडायला लागला. त्याच्याजवळ जायची कुणाची हिंमत होईना. जावईच गेला. सासऱ्याने त्याला हाकललं नाही. जवळही घेतलं नाही. पण हाकललं नाही.

मी कोर्टाला अहवाल पाठवला. टेकू कुणी काढले, का काढले, रीत काय, खूण काय, सगळं खरं लिहिलं. कुणाचाही हेतू नव्हता, काकांची हयगय नव्हती, आणि काढणाऱ्याला परिणामाची कल्पना नव्हती, असं मत दिलं आणि 'क' समरी, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून प्रकरण बंद करायची परवानगी, मागितली. न्यायाधीशांनी मला समोर बोलावून बरेच प्रश्न विचारले. मग मंजूर केली. काका सुटले. तहसीलदारांनी भुयार कायमचं बुजवायचा हुकूम काढला. मुरूम भरायला सगळं गाव आलं. नवरा सकाळपासून टोपल्या वाहत होता, आणि काका काठीने ठोकून सांगत होते, "इथं अजून पोकळ हाय, इथं टाक."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. गावात एक नियम होता, काटीचा. तो सगळे पाळत. गावात एक रीत होती, होळीची. तीही सगळे पाळत. वाईट माणूस एकही नव्हता. फक्त नियम करणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही, की बाबांनो, होळीच्या दिवशी या काटीचं काय होतं? तहसीलच्या अटींत खांब होते, टेकू होते, मुरूम होता, पण होळी नव्हती. पुढे मी जिथे जिथे बंदोबस्त लावला, तिथे आधी गावच्या रीती विचारल्या. आणि दुसरं एक. तपासात माणूस काय बोलतो याकडे आम्ही फार लक्ष देतो. तो कुणाला भाकरी नेऊन देतो, तेही बघावं.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, टेंभुर्णीला एका लग्नाला गेलो होतो. येताना वाट वाकडी केली. गावात माळवदं जवळजवळ उरली नव्हती, सगळीकडे पत्रे. टेकाडावर गवत माजलेलं. नवऱ्याने मला ओळखलं. त्याने दुसरं लग्न केलं नव्हतं. लेक सासरहून सणाला आली होती, तिने चहा केला. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या लक्षात आलं असावं.

"मला माहीत हाय, साहेब," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी बापानंच सांगितलं. म्हणला, दुसऱ्याकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळू दे."

"मग?"

"मंग काय. दोन दिस बोलले न्हाई. तिसऱ्या दिशी भाकरी थापाया बसले, तर काकाची बी थापावीच लागती ना."

तिने फडक्यात भाकरी बांधून बापाच्या हातात दिली. मीही त्याच्याबरोबर निघालो. खाणकाका खाटेवर पडून होते, डोळे पूर्ण गेलेले. पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "कोण हाय?"

दारात उभं राहून त्याने आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, मोठ्याने. मग म्हणाला, "काका, भाकरी आणली."

"इतक्या मोठ्यानं कशाला वरडतो," काका म्हणाले, "मी भैरा न्हाई झालो अजून," आणि खाटेवर जागा करून दिली. मी तिथेच बसून त्यांच्यातली अर्धी भाकरी खाल्ली.